लिनक्सवर बाहेरचा ड्राइव्ह फॉरमॅट करताना क्लस्टर साइझ कशी ठरवावी

खानापूर तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयाच्या जुन्या वह्या आम्ही स्कॅन केल्या, तेव्हा सुमारे २०,००० पानांच्या तितक्याच काळ्या-पांढऱ्या टिफ फाइली तयार झाल्या. एकेक फाइल सरासरी १८ केबीची होती आणि सगळे फोल्डर मिळून जेमतेम ३५० एमबी भरत होते. छपाईसाठी ते कोल्हापूरला द्यायचे होते, म्हणून मंडळाच्या कार्यक्रमांचे व्हिडिओ असलेल्या ६४ जीबीच्या पेन ड्राइव्हवर शिल्लक राहिलेल्या २ जीबी जागेत मी ते उतरवायला घेतले. सोळा हजारांच्या आसपास पाने उतरली आणि जागा संपल्याचा संदेश आला. पेन ड्राइव्ह खराब झाला, असेच मला वाटले आणि दोन दिवस मी त्याच समजुतीत होतो. ड्राइव्हमध्ये दोष कोणताच नव्हता. त्याची क्लस्टर साइझ, म्हणजे फाइली ज्या कप्प्यांत ठेवल्या जातात त्यांचे माप, १२८ केबी होती, एवढेच कारण होते.

ही साइझ फॉरमॅट करतानाच ठरते. नंतर बदलायची झाली तर लिनक्सवर व्यवहारात एकच मार्ग उरतो, तो म्हणजे सगळा डेटा दुसरीकडे उतरवून पुन्हा फॉरमॅट करणे. म्हणून ड्राइव्ह रिकामा असताना पाच मिनिटे विचार करावा. तो कसा करावा आणि पुढे कोणती कमांड द्यावी, हे खाली क्रमाने लिहिले आहे.

कमांडबद्दल एक सूचना आधीच देतो. निपाणी-चिकोडीकडच्या नातेवाइकांना मी त्या फोनवरून जशा सांगतो, तशाच इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप कराव्यात. जिथे मोठे अक्षर हवे तिथे तसे स्वतंत्रपणे सांगितले आहे, कारण लिनक्समध्ये लहान आणि मोठे अक्षर वेगळे मानले जाते.

## १. आधी हाताशी काय हवे

- ड्राइव्हवरच्या डेटाची दुसऱ्या ठिकाणी ठेवलेली आणि उघडून तपासलेली प्रत.
- सुडोचा पासवर्ड, म्हणजे संगणकावर प्रशासकाचे अधिकार.
- जीपार्टेड हा प्रोग्रॅम, पार्टिशन म्हणजे ड्राइव्हवरचे विभाग करण्यासाठी.
- फाइल सिस्टिमची, म्हणजे ड्राइव्हवर फाइली मांडण्याच्या पद्धतीची, साधने: फॅट ३२ साठी डॉसएफएसटूल्स, एक्सफॅटसाठी एक्सफॅटप्रॉग्स आणि एनटीएफएससाठी एनटीएफएस-३जी ही पॅकेजे. ईएक्सटी४ ची साधने लिनक्समध्ये आधीपासूनच असतात.
- लॅपटॉप असेल तर भरलेली बॅटरी आणि डेस्कटॉप असेल तर यूपीएस. फॉरमॅट चालू असताना लाईट गेली तर काम पहिल्यापासून करावे लागते.

उबुंटू किंवा मिंट असेल तर ही पॅकेजे एका ओळीत येतात:

सुडो एपीटी इन्स्टॉल डॉसएफएसटूल्स एक्सफॅटप्रॉग्स एनटीएफएस-३जी जीपार्टेड

## २. क्लस्टर म्हणजे काय, हे नीट समजून घ्या

ड्राइव्हवरची जागा फाइलला सुट्या बाइटांत मिळत नाही, ठरावीक मापाच्या कप्प्यांत मिळते. त्या कप्प्याला क्लस्टर म्हणतात. ईएक्सटी४ मध्ये त्यालाच ब्लॉक म्हणतात. फाइल कितीही लहान असली तरी तिला किमान एक पूर्ण कप्पा लागतो आणि त्यातली उरलेली जागा दुसऱ्या फाइलला मिळत नाही. शेवटचा कप्पा क्वचितच पूर्ण भरतो, त्यामुळे दर फाइलमागे सरासरी अर्धा कप्पा वाया जातो असे धरून चालावे. मात्र सगळ्याच फाइली कप्प्यापेक्षा खूप लहान असतील, तर नुकसान त्याहून पुष्कळ मोठे होते.

माझ्या वह्यांचा हिशेब असा होता. १८ केबीच्या पानाला १२८ केबीचा एक कप्पा लागत होता. २०,००० पानांना २५,६०,००० केबी, म्हणजे जवळजवळ २.४४ जीबी जागा हवी होती आणि माझ्याकडे होती २ जीबी. २ जीबीत १२८ केबीचे १६,३८४ कप्पे बसतात. गाडी सोळा हजारांवर का अडली ते त्यावरून कळले. तीच पाने ४ केबीच्या कप्प्यांत ठेवली असती, तर प्रत्येकाला पाच कप्पे म्हणजे २० केबी लागले असते आणि सगळे मिळून ३९० एमबीत भागले असते.

मग सगळीकडे लहानच कप्पे का ठेवू नयेत? कारण प्रत्येक कप्प्याची नोंद ठेवावी लागते. ६४ जीबीच्या ड्राइव्हवर फॅट ३२ मध्ये ४ केबीचे क्लस्टर घेतले तर ते सुमारे १ कोटी ६८ लाख होतात. दर नोंदीला ४ बाइट धरले की तक्ता ६४ एमबीचा होतो, आणि फॅटमध्ये त्या तक्त्याच्या बहुधा दोन प्रती असतात. ३२ केबीचे क्लस्टर घेतले तर तोच तक्ता ८ एमबीवर येतो. मोठा तक्ता वाचायला वेळ लागतो, शिवाय मोठ्या फाइलीचे तुकडे विखुरण्याची शक्यता वाढते. लग्नाच्या व्हिडिओसारखी काही जीबींची फाइल असेल, तर १२८ केबीच्या कप्प्याने होणारे नुकसान दर फाइलमागे फार तर १२८ केबी, म्हणजे नगण्य असते. फायदा मात्र मिळतो.

म्हणजे निर्णय दोन प्रश्नांवर अवलंबून आहे: ड्राइव्हवर कोणत्या मापाच्या फाइली राहणार, आणि तो ड्राइव्ह कोणकोणती यंत्रे वाचणार. दुसरा प्रश्न आधी सोडवावा.

## ३. ड्राइव्ह कुठे कुठे लावणार ते ठरवा

आपल्या भागात एकच पेन ड्राइव्ह घरच्या लिनक्सवर, कोल्हापूर किंवा गडहिंग्लजच्या छापखान्यातील विंडोजवर आणि उसाच्या हंगामात ट्रॅक्टरवरच्या टेपमध्येही फिरतो. एकाच फॉरमॅटने ही तिन्ही कामे नीट होतील, अशी अपेक्षा ठेवू नये.

ट्रॅक्टरचा किंवा गाडीचा टेप, जुना टीव्ही आणि भजनी मंडळाचा स्पीकर यांना बहुधा फक्त फॅट ३२ समजतो. त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असू शकत नाही. क्लस्टर मोठा केला की ही मर्यादाही वाढते, असा समज मी अनेकांकडून ऐकला आहे आणि तो चुकीचा आहे. फाइलची लांबी ३२ बिटांत नोंदली जाते म्हणून ती मर्यादा आहे; क्लस्टरचा तिच्याशी काहीही संबंध नाही.

विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे मोठ्या फाइली न्यायच्या असतील तर एक्सफॅट घ्यावा. मायक्रोसॉफ्टने त्याचे तपशील २०१९ मध्ये खुले केले आणि लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नेलच्या, ५.७ या आवृत्तीपासून त्याचा चांगला ड्रायव्हर आतच मिळतो, त्यामुळे आज वेगळी खटपट करावी लागत नाही. मोठी हार्ड डिस्क मुख्यतः विंडोजवर राहणार असेल तर एनटीएफएस घ्यावा. ती फक्त लिनक्सवरच लागणार असेल तर ईएक्सटी४ सारखा पर्याय नाही.

ईएक्सटी४ बद्दल मराठी आणि कन्नड नावे देणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्यात फाइलच्या नावाची मर्यादा २५५ बाइट आहे आणि देवनागरी किंवा कन्नड लिपीतील प्रत्येक चिन्हाला, काना-मात्रा आणि हलन्तासह, ३ बाइट लागतात. म्हणजे नाव ८५ चिन्हांतच संपते. गावाचे नाव, गट क्रमांक, खातेदाराचे नाव आणि वर्ष एकत्र लिहून पहाणी उताऱ्याच्या फाइलीला नाव देणाऱ्यांची ही मर्यादा खरोखर ओलांडते. एक्सफॅट आणि एनटीएफएसमध्ये ती २५५ चिन्हांची असल्यामुळे अडचण येत नाही.

## ४. साइझ निवडा

काहीच न सांगता फॉरमॅट केले तर फॅट ३२ मध्ये ८ जीबीपर्यंत ४ केबी, १६ जीबीपर्यंत ८ केबी, ३२ जीबीपर्यंत १६ केबी आणि त्यापुढे ३२ केबी क्लस्टर मिळतो. एक्सफॅटमध्ये २५६ एमबीपर्यंत ४ केबी, ३२ जीबीपर्यंत ३२ केबी आणि त्यापुढे १२८ केबी मिळतो. एनटीएफएस आणि ईएक्सटी४ मध्ये नेहमीच्या आकाराच्या ड्राइव्हवर ४ केबी मिळतो.

ही मापे विचार करून ठरवलेली आहेत आणि बहुतेकांनी त्यांना हात लावण्याची गरज नाही. माझ्या मते बदल करण्यासारख्या जागा तीनच आहेत. पहिली, एक्सफॅटच्या मोठ्या ड्राइव्हवर हजारो लहान फाइली राहणार असतील, जसे स्कॅन केलेली पाने किंवा प्रोग्रॅमचा सोर्स; तेव्हा ४, ८ किंवा १६ केबी घ्यावा. दुसरी, एनटीएफएसच्या ड्राइव्हवर फक्त व्हिडिओ राहणार असतील. तेव्हा ६४ केबी घेता येतो, पण ४ केबीपेक्षा मोठ्या क्लस्टरवर एनटीएफएसचे स्वतःचे कॉम्प्रेशन चालत नाही, हे ध्यानात ठेवावे. तिसरी, एखाद्या जुन्या यंत्राच्या माहितीपुस्तिकेत विशिष्ट क्लस्टर साइझ स्पष्ट लिहिलेली असेल.

ईएक्सटी४ मध्ये ४ केबीच ठेवावा. त्याहून मोठा ब्लॉक घेऊन केलेला ड्राइव्ह आपल्या नेहमीच्या संगणकांवर बहुधा माउंटच होत नाही, म्हणजे वापरासाठी जोडलाच जात नाही.

## ५. ड्राइव्ह नक्की ओळखा

या पायरीवर घाई करू नये. दोन वर्षांपूर्वी माझ्या संगणकाला दोन बाहेरचे ड्राइव्ह एकाच वेळी लावलेले होते. मध्ये एकदा दोन्ही काढून पुन्हा लावले आणि आधी पाहिलेले नाव तेच असेल असे गृहीत धरून मी कमांड दिली. नावे अदलाबदल झाली होती आणि नको तो ड्राइव्ह पुसला गेला. लिनक्स ही नावे ड्राइव्ह लावण्याच्या क्रमाने देतो, ती ड्राइव्हला कायमची चिकटलेली नसतात. तेव्हापासून फॉरमॅटच्या वेळी मी दुसरा एकही ड्राइव्ह लावून ठेवत नाही.

एलएसबीएलके -ओ नेम,साइझ,मॉडेल,ट्रॅन,लॉग-सेक,फाय-सेक

पहिला शब्द एल, एस, बी, एल, के अशा पाच लहान अक्षरांचा आहे. स्तंभांची नावे मोठ्या अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहावीत. ट्रॅन या स्तंभाखाली यूएसबी असे दिसते तो बाहेरचा ड्राइव्ह. त्याची साइझ आणि मॉडेल हातातल्या वस्तूशी जुळवून पाहावे. लॉग-सेकखाली ५१२ किंवा ४०९६ दिसेल. तो सेक्टरचा, म्हणजे ड्राइव्हच्या सर्वांत लहान भागाचा, बाइटांतला आकार आहे आणि सातव्या पायरीत लागणार आहे, म्हणून कागदावर लिहून ठेवावा.

पुढे सगळीकडे मी एसडीएक्स आणि एसडीएक्स१ असे लिहिले आहे. त्यातील एक्सच्या जागी तुमचे अक्षर घालावे. एसडीएक्स म्हणजे अख्खा ड्राइव्ह आणि एसडीएक्स१ म्हणजे त्यावरचे पहिले पार्टिशन. शेवटचा आकडा विसरला की पार्टिशनऐवजी पूर्ण ड्राइव्ह फॉरमॅट होतो आणि काही यंत्रे असा ड्राइव्ह ओळखत नाहीत.

## ६. पार्टिशन करा

जीपार्टेड उघडून उजव्या कोपऱ्यात आपला ड्राइव्ह निवडावा आणि डिव्हाइस मेनूतून नवा पार्टिशन टेबल करावा. टीव्ही किंवा टेपसाठी एमएसडॉस प्रकार घ्यावा, २ टीबीहून मोठ्या डिस्कसाठी जीपीटी घ्यावा. मग एक पार्टिशन करून त्याला तिसऱ्या पायरीत ठरवलेली फाइल सिस्टिम द्यावी आणि बदल लागू करावेत.

जीपार्टेडमध्ये क्लस्टर साइझ निवडायची सोय नाही, उबुंटूच्या डिस्क्स प्रोग्रॅममध्येही नाही, म्हणून खरा फॉरमॅट पुढे टर्मिनलमध्येच करायचा आहे. तरीही फाइल सिस्टिम इथे निवडावी, कारण त्यामुळे पार्टिशनवर योग्य प्रकाराची खूण बसते. टर्मिनलमधली फॉरमॅटची कमांड ती खूण बदलत नाही. खूण लिनक्सची राहिली तर ड्राइव्ह आपल्याकडे उत्तम चालतो आणि पलीकडच्या विंडोजवर दिसतच नाही, आणि मग दोष उगाच केबलवर जातो.

## ७. टर्मिनलमधून फॉरमॅट करा

आधी पार्टिशन अनमाउंट करावे:

सुडो यूमाउंट /डेव्ह/एसडीएक्स१

या कमांडच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये यू नंतर थेट एम येतो, मध्ये एन नाही. आधीच अनमाउंट असल्याचा संदेश आला तर पुढे जावे.

आता सगळ्यात जास्त गोंधळाची जागा. क्लस्टर साइझ सांगण्याची पद्धत प्रत्येक साधनात वेगळी आहे. कुठे बाइट सांगायचे असतात, कुठे सेक्टरची संख्या, आणि एकाच अक्षराचा अर्थ दोन साधनांत दोन प्रकारचा असतो.

एक्सफॅट. लहान सी पुढे माप द्यावे. के हे अक्षर जोडले तर ते केबी धरले जाते, न जोडल्यास बाइट. मोठ्या एल पुढे ड्राइव्हचे नाव. ते ११ अक्षरांपर्यंत, इंग्रजीत ठेवावे.

सुडो एमकेएफएस.एक्सफॅट -सी १६के -एल वाचनालय /डेव्ह/एसडीएक्स१

जुन्या उबुंटूवर, उदाहरणार्थ २०.०४ वर, एक्सफॅट-यूटिल्स नावाचे जुने पॅकेज असते. त्यात लहान सी चालत नाही, लहान एस पुढे सेक्टरची संख्या द्यावी लागते. ५१२ बाइटांच्या सेक्टरवर १६ केबीसाठी ३२.

फॅट ३२. मोठ्या एफ पुढे ३२, लहान एस पुढे दर क्लस्टरमागे सेक्टरची संख्या आणि लहान एन पुढे नाव.

सुडो एमकेएफएस.फॅट -एफ ३२ -एस ६४ -एन गाणी /डेव्ह/एसडीएक्स१

५१२ बाइटांचे ६४ सेक्टर म्हणजे ३२ केबी. पाचव्या पायरीत ४०९६ दिसले असेल, तर त्याच ३२ केबीसाठी इथे ६४ ऐवजी ८ लिहावे. ही संख्या १, २, ४ अशा दुपटीत १२८ पर्यंत चालते, पण जुन्या टेपसाठी ३२ केबीपुढे जाऊ नये. विंडोजची नेहमीची फॉरमॅट खिडकी वर्षानुवर्षे ३२ जीबीपुढे फॅट ३२ देत नसे. लिनक्सवर ही अडचण नाही, ६४ जीबीचा पेन ड्राइव्हही या कमांडने होतो.

इथे लहान सी चुकूनही लिहू नये. एक्सफॅट आणि एनटीएफएसमध्ये लहान सी म्हणजे क्लस्टर साइझ, पण फॅट आणि ईएक्सटी४ मध्ये लहान सी म्हणजे ड्राइव्हवरचे खराब भाग शोधणे. ती तपासणी मोठ्या डिस्कवर कित्येक तास चालते आणि संगणक अडकला असे वाटून माणूस मध्येच केबल काढतो.

एनटीएफएस. लहान सी पुढे फक्त बाइट द्यावेत. ६४ केबीसाठी ६५५३६. मोठा क्यू म्हणजे झटपट फॉरमॅट आणि मोठ्या एल पुढे नाव.

सुडो एमकेएफएस.एनटीएफएस -क्यू -सी ६५५३६ -एल व्हिडिओ /डेव्ह/एसडीएक्स१

क्यू वगळला तर संपूर्ण ड्राइव्हवर शून्ये लिहिली जातात. सेकंदाला १०० एमबी वेगाने १ टीबीच्या डिस्कला त्यासाठी पावणेतीन तासांहून जास्त वेळ लागतो.

ईएक्सटी४. साइझ सांगण्याची गरज नाही. मात्र लहान एम पुढे ० द्यावे, कारण एरवी ५ टक्के जागा प्रशासकासाठी राखून ठेवली जाते. १ टीबीच्या डिस्कवर ती सुमारे ५० जीबी होते आणि नुसत्या साठवणीच्या डिस्कवर तिचा उपयोग नाही. इथेही नाव मोठ्या एल पुढे द्यावे.

सुडो एमकेएफएस.ईएक्सटी४ -एम ० -एल साठा /डेव्ह/एसडीएक्स१

## ८. झालेले काम तपासा

ड्राइव्ह काढून पुन्हा लावावा, फाइल मॅनेजरमध्ये उघडावा आणि तो कुठे माउंट झाला आहे तो पत्ता घेऊन ही कमांड द्यावी:

स्टॅट -एफ /मीडिया/तुमचे-युजरनेम/वाचनालय

उत्तरात ब्लॉक साइझसमोर बाइटांत आकडा येतो. ४०९६ म्हणजे ४ केबी, १६३८४ म्हणजे १६ केबी, ३२७६८ म्हणजे ३२ केबी आणि १३१०७२ म्हणजे १२८ केबी.

मी आणखी एक छोटी तपासणी करतो, कारण तीत क्लस्टर डोळ्यांना दिसतो. ड्राइव्हवर "नमस्कार" एवढाच शब्द लिहिलेली एक टेक्स्ट फाइल ठेवावी. या शब्दात सात चिन्हे आहेत, दर चिन्हाला ३ बाइट म्हणजे २१, आणि ओळ संपल्याची खूण धरून २२ बाइट. आता त्या फाइलीवर डीयू -एच ही कमांड द्यावी. १२८ केबीच्या ड्राइव्हवर उत्तर येते १२८के, आणि १६ केबीच्या ड्राइव्हवर १६के. एनटीएफएसवर मात्र ही चाचणी वेगळी दिसते, कारण इतकी लहान फाइल तो आपल्या मुख्य नोंदवहीतच ठेवतो.

ज्यांच्याकडे आधीचा भरलेला ड्राइव्ह आहे आणि तो पुन्हा फॉरमॅट करण्यात अर्थ आहे का हे ठरवायचे आहे, त्यांनी एखाद्या फोल्डरवर डीयू -एसएच एकदा तसाच आणि एकदा --अपॅरंट-साइझ जोडून चालवावा. पहिला आकडा ड्राइव्हवर प्रत्यक्ष व्यापलेल्या जागेचा, दुसरा फाइलींच्या खऱ्या लांबीचा. दोन्हींत थोडाच फरक असेल तर ड्राइव्ह आहे तसा राहू द्यावा. माझ्या वह्यांच्या फोल्डरमध्ये तो जवळजवळ सातपट होता.

## ९. काढताना

फॅट ३२ आणि एक्सफॅट यांच्यात जर्नल नसते, म्हणजे अर्धवट राहिलेले लिखाण सावरण्याची सोय नसते. कॉपीची पट्टी पूर्ण झालेली दिसली तरी काही डेटा अजून मेमरीतच असू शकतो, त्यामुळे फाइल मॅनेजरमधील इजेक्टचे चिन्ह दाबून संदेश येईपर्यंत थांबावे. टर्मिनल उघडेच असेल तर या दोन ओळी द्याव्यात:

सुडो यूमाउंट /डेव्ह/एसडीएक्स१

यूडिस्कसीटीएल पॉवर-ऑफ -बी /डेव्ह/एसडीएक्स

पहिल्या ओळीत पार्टिशनचा आकडा आहे, दुसरीत नाही. पहिली ओळ काही काळ अडून राहिली तर ड्राइव्हवर अजून लिहिणे चालू आहे असे समजावे. पेन ड्राइव्हवरचा दिवा विझला की तो काढावा.